भंडारदरा, सप्टेंबर-ऑक्टोबर: हवामानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती विसर्जन झालं की फोन सुरू होतात. धरणाच्या भिंतीजवळच्या शेंडी गावात भावाचा छोटा होमस्टे आहे, बुकिंगचे फोन मी घेतो, आणि खरं सांगायचं तर बुकिंगपेक्षा जास्त वेळ हवामान सांगण्यातच जातो. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाचे इथं लिहून टाकले. "भंडारदऱ्याला हवा कशी आहे" ह्याला एक उत्तर नसतं बरं का. तारीख कुठली आणि धरणाचा काठ कुठला, एवढं सांगा, मग बोलू.

नक्की कधी यावं, सप्टेंबर की ऑक्टोबर?

तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा म्हणजे इथं अजून पावसाळाच असतो, फक्त जुलैसारखी चार-चार दिवस झड लागत नाही, सर येते, जाते, मध्येच तासभर चक्क ऊन पडतं आणि परत ढग उतरतात. साधारण १५ तारखेनंतर उघडीप वाढते, डोंगर हिरवेगार असतात, पाणी काठोकाठ असतं, ओढे वाहत असतात, आणि माझ्या मते वर्षातला सगळ्यात देखणा काळ हाच. पण ह्या काळात दोन दिवसात एकदा तरी भिजायची तयारी ठेवून यायचं. ऑक्टोबरचे पहिले दहा दिवस सगळ्यात बेभरवशाचे, सकाळी निळंशार आभाळ आणि चार वाजता गडगडाट. १० ऑक्टोबरच्या पुढं बहुतेक वर्षी पाऊस काढता पाय घेतो, सकाळी गारवा येतो, ट्रेकवाल्यांचा सीझन चालू होतो, पण तोपर्यंत धबधबे आटत आलेले असतात. सगळं एकाच वीकेंडला मिळत नाही. फुलं, धबधबे, तारे आणि कोरडा टेंट असं चारही एका ट्रिपमध्ये मागणारे दर आठवड्याला दोन तरी असतात.

परतीचा पाऊस म्हणजे पाऊस संपलाच ना?

नाही हो. परतीचा प्रवास सुरू झाल्याची बातमी येते ती राजस्थानातून. हवामान खात्यानं २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांप्रमाणे पश्चिम राजस्थानातून मान्सून निघायची सरासरी तारीख १७ सप्टेंबर आहे आणि मुंबईतून निघायची ८ ऑक्टोबर. म्हणजे मधले तीन आठवडे मान्सून "परत चाललाय" आणि आपल्या डोक्यावरही आहे. शिवाय ह्याच दिवसांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, ते तेलंगणा-विदर्भाकडून पश्चिमेला सरकत आले की आपल्याकडं दोन-तीन दिवस जोराचा पाऊस होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा-सोलापूर भागात महिना संपता संपता काय पूर आले ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय, आणि तेव्हा राजस्थानातून मान्सून माघारी निघालेला होता. त्यामुळं बातमी वाचून रेनकोट माळ्यावर टाकू नका.

पावसाची जातही ह्या काळात बदलते. जुलैमधला पाऊस पश्चिमेच्या वाऱ्यानं येतो, दिवसरात्र रिपरिप. ऑक्टोबरचा पाऊस जागेवरच तयार होतो, ऊन कडक, जमीन ओली, दुपारपर्यंत वाफ वर चढून ढगांचे मनोरे उभे राहतात आणि तीन ते सातच्या मध्ये कधीतरी ते कोसळतात, विजांसकट. रात्री आठला परत चांदणं.

ॲपवर शनिवार-रविवार ९० टक्के पाऊस दाखवतंय, कॅन्सल करू का?

हा प्रश्न नंबर एक. पहिली गोष्ट, ते ९० टक्के म्हणजे दिवसभर पाऊस असं नाही, दिवसात कधीतरी पाऊस पडायची शक्यता तेवढी आहे. सप्टेंबरमध्ये घाटमाथ्यावर दिवसात एकही सर येणार नाही असा दिवसच विरळा, त्यामुळं तो आकडा जवळजवळ रोजच मोठा दिसणार. त्यापेक्षा किती मिलीमीटर दाखवतंय ते बघा. दिवसाला ५-१० मिलीमीटर असेल तर मजेत या. हवामान खात्याच्या हिशोबात २४ तासांत ६४.५ मिलीमीटरच्या वर गेलं की जोरदार, ११५.६ च्या वर अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर गेलं तर अत्यंत जोरदार. जोरदारच्या पुढचं काही दिसत असेल तर मी स्वतःच तुम्हाला फोन करून सांगतो की पुढच्या आठवड्यात या.

दुसरं म्हणजे ॲपमध्ये तुम्ही कुठलं गाव टाकलंय. "अकोले" टाकलं तर ते तालुक्याच्या गावाचं हवामान, ते पूर्वेला खाली आहे, तिथला पाऊस वेगळा, इथला वेगळा. (आणि विदर्भातलं अकोला टाकणारेही भेटलेत, त्यांना तर काय बोलायचं.) हवामानाची जागतिक मॉडेल ज्या चौकोनांवर गणित करतात ते ९ किलोमीटरचे, काहींचे त्याहूनही मोठे असतात, त्यात आमचा अख्खा तलाव, कळसूबाई आणि घाटघरचा कोकणकडा एका-दोन चौकोनांत बसून जातात. आपल्या हवामान खात्याकडं मे २०२५ पासून ६ किलोमीटरचं नवीन मॉडेल आलंय, पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं, पण तरी कड्याच्या अलीकडं ऊन आणि पलीकडं पाऊस हे त्यालाही जमेलच असं नाही.

जिल्ह्याला ग्रीन अलर्ट (म्हणजे इशारा काही नाही) आहे मग पाऊस का पडला?

कारण आपला जिल्हा अहिल्यानगर. एका टोकाला घाटमाथ्यावरचं घाटघर आणि दुसऱ्या टोकाला जामखेड, कर्जत, श्रीगोंदा, आणि अलर्ट सगळ्या जिल्ह्याला मिळून एक. जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेतला, त्यामुळं जिल्ह्याला ग्रीन असताना घाटघरला धो-धो चालू असू शकतं. मी काय करतो सांगतो, "नाशिक घाट" आणि "पुणे घाट" असे जे वेगळे अलर्ट देतात ते बघतो. इगतपुरीचा घाटमाथा आमच्या शेजारीच आहे, त्यामुळं नाशिक घाटाला ऑरेंज असेल तर आम्हालाही तोच समजायचा. आणि निघायच्या दिवशी सकाळी हवामान खात्याच्या साइटवर मुंबईच्या रडारचं चित्र बघायचं, ढग कुठं आहेत ते दिसतं, कुणाला विचारायला नको.

शेंडीला ऊन होतं आणि घाटघरला हाताचं दिसत नव्हतं, असं कसं?

असंच असतं. ह्यात भंडारदऱ्याचं सगळं गुपित आहे म्हणा. तलाव लांबोळका, पूर्व-पश्चिम पसरलेला. पूर्वेच्या टोकाला धरणाची भिंत आणि शेंडी, पश्चिमेला रतनवाडी, साम्रद, घाटघर. घाटघरच्या पुढं जमीन एकदम संपते, खाली कोकण. समुद्रावरून आलेला दमट वारा त्या कड्यावर आपटून सरळ वर चढतो, वर चढला की गार होतो, गार झाला की त्यातल्या वाफेचं पाणी, म्हणून पहिला आणि सगळ्यात जास्त पाऊस त्या काठाला. तिथून पूर्वेला येईपर्यंत वाऱ्यातलं पाणी कमी कमी होत जातं. घाटघर-रतनवाडीला चांगल्या वर्षी साडेचार-पाच हजार मिलीमीटर पडतो, आणि खाली संगमनेरला पाचशेच्या आसपास. अंतर किती, गाडीनं दोन-अडीच तास.

सप्टेंबरात हा फरक दिवसागणिक दिसतो. शेंडीच्या चौकात लोक गॉगल लावून चहा पितायत आणि साम्रदला बायका इरलं घेऊन खाचरात. म्हणून तलावाभोवतीचा रिंगरोड करणार असाल तर सकाळी लवकर पश्चिमेकडं जा आणि दुपारनंतर शेंडीकडं परत या. कोकणकड्यावर सगळं पांढरंफटक असेल तर वैतागून लगेच परत फिरू नका, वीस-पंचवीस मिनिटं थांबा, वाऱ्याच्या एका झोतात पडदा बाजूला होतो आणि खाली हजारभर फूट दिसतं, मग परत बंद. कठड्याच्या पलीकडं जायचं नाही, गवताखाली दगड सुटलेला असतो.

पंचांगातली नक्षत्रं अजून कोणी बघतं का?

आमच्याकडं सगळे बघतात आणि त्याला कारण आहे. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, त्यामुळं त्यांच्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच. उत्तरा १३-१४ सप्टेंबरला लागतं, हस्त म्हणजे आमचा हत्ती २७ च्या आसपास, चित्रा १० ऑक्टोबरच्या सुमारास आणि स्वाती २४ ला. उलट गणपती, नवरात्र, दिवाळी चंद्रावर, ते पुढंमागं होतात. २०२५ ला दसरा २ ऑक्टोबरला होता, २०२६ ला अधिक महिना असल्यामुळं तो २० ऑक्टोबरला. आता "दसऱ्याला पाऊस असतो का" ह्याला मी काय उत्तर देऊ? २ तारखेच्या दसऱ्याला हत्तीचा पाऊस अंगावर, २० च्या दसऱ्याला कदाचित स्वेटर. सणावरून नाही, इंग्रजी तारखेवरून प्लॅन करा.

म्हणींवर मात्र आंधळा विश्वास नको. "न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा" ही इथल्याच मातीतली वाटते, कारण त्या वेळी भात निसवायला (लोंब्या बाहेर पडायला) लागलेला असतो आणि पाणी हवंच असतं. पण "पडतील स्वाती तर पिकतील मोती" ही खालच्या ज्वारीवाल्यांची. स्वातीत आमचा भात कापून खाचरात पडलेला असतो, तेव्हा पाऊस आला तर मोती कसले, कोंब फुटतात. आणि कोल्हा, बेडूक, म्हैस ही पंचांगातली नक्षत्रांची वाहनं बघून पावसाचं प्रमाण सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, चहा पाजतो.

नवरात्रात कळसूबाईला जायचंय, हवामान कसं असेल?

वर सांगितलं तसं, नवरात्र कधी आलंय ते आधी बघा. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, त्यामुळं ढग पहिले तिथं अडकतात. पायथ्याच्या बारी गावातून आभाळ मोकळं दिसलं तरी वर मंदिरापाशी वारा आणि धुकं असू शकतं. नवरात्रात गर्दी प्रचंड, देवीला येणारे गावोगावचे लोक असतात, शिड्यांवर लाइन लागते. आणि लाइन लागली की सगळं गणित चुकतं, कारण तुम्ही अकराला खाली यायचं ठरवलेलं असतं आणि दोन वाजता वरच्या शिडीवर उभे असता.

माझं ऐका, पहाटे पाचला बारीतून निघा. दुपारी बाराच्या आत शिड्या उतरून खाली. ऑक्टोबरात तर हे नियम म्हणूनच पाळा, का ते पुढच्या उत्तरात.

विजांची भीती खरंच आहे की तुम्ही उगाच घाबरवता?

खरंच आहे. जुलैच्या धुवांधार पावसात विजा फारशा नसतात, त्यामुळं लोक पावसाला घाबरतात आणि ऑक्टोबरच्या निळ्या आभाळाला घाबरत नाहीत. धोका उलटा आहे. कळसूबाईच्या शिड्या लोखंडी, कठडे लोखंडी, शिखर आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा उंच, आणि तुम्ही ओले. ह्यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही. रतनगडाच्या शिडीचंही तेच.

वीज दिसली की मोजायला लागायचं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे चमकल्यावर तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. लगेच खाली उतरायला लागा, पाण्यातून बाहेर या, एकट्या झाडाखाली उभे राहू नका, टेंट हा काही आडोसा नाही, गाडीत काचा लावून बसलात तर उत्तम. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी थांबायचं. "दामिनी" नावाचं सरकारी ॲप आहे, जवळपास वीज पडत असेल तर सांगतं, टाकून ठेवा, पण रेंज गेली की ते मुकं, आणि रेंज इथं पश्चिमेच्या काठाला जातेच. आभाळाकडं बघायची सवय बरी. दुपारी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग उभे वाढत चालले आणि त्यांचा तळ काळा पडला की समजायचं.

टेंट की खोली?

सप्टेंबरात खोली. २० सप्टेंबरनंतर हिंमत असेल तर टेंट, ऑक्टोबरच्या मध्यानंतर खुशाल टेंट. पाऊस नसला तरी दहिवर असतं हे शहरातल्यांच्या लक्षात येत नाही, रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन झपाट्यानं गार होते आणि पहाटे टेंटवरून अक्षरशः पाणी निथळतं, आतून श्वासाची वाफ, बाहेरून दव. टेंटची जाळी थोडी उघडी ठेवा, पायातले बूट आत घ्या आणि सकाळी घालताना झटकून घ्या, विंचू बसलेला असू शकतो.

तलाव ह्या दिवसांत भरलेला असतो, म्हणून पाण्याच्या अगदी कडेला टेंट लावून द्या अशी मागणी असते. देत नाही आम्ही. वरच्या बाजूला रात्रीत पाऊस झाला तर काठावरचे छोटे ओढे बघता बघता फुगतात. उंचवट्यावर लावतो, तलाव तिथूनही दिसतो.

थंडी असते का, कपडे काय आणू?

इथली उंची समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, आणि हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात ह्या हिशोबानं मुंबईपेक्षा चार-पाच अंश कमी धरा. सप्टेंबरात दिवसा पंचवीस-सत्तावीस, रात्री विशीच्या आसपास, थंडी अशी नाही पण ओल असते, आणि ओले कपडे दोन दिवस वाळत नाहीत. त्यामुळं जीन्स आणू नका. प्लीज. भिजलेली जीन्स तुमच्याबरोबरच घरी परत जाते. पटकन वाळणारे दोन जोड, एक जोड प्लॅस्टिकमध्ये बांधून गाडीतच ठेवलेला, आणि छत्रीपेक्षा रेनकोट, कारण कड्यावरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते. ऑक्टोबरच्या शेवटी रात्री पंधरा-सोळापर्यंत उतरतं, तेव्हा स्वेटर, कानटोपी आणा.

ऑक्टोबर हीट तिकडंही असते का?

असते, पण दुपारपुरती. ढग गेल्यावर ऊन थेट, जमिनीत ओल भरपूर, वारा पडलेला, त्यामुळं अकरा ते तीन घामाघूम व्हायला होतं. फरक इतकाच की मुंबईत रात्रीही तगमग चालू राहते आणि इथं सूर्य डोंगराआड गेला की पंख्याची गरज लागत नाही. टोपी आणि पाणी दुपारच्या ट्रेकला जास्त लागतं ऑक्टोबरातच, पावसाळ्यात नाही.

धबधबे चालू असतील का? अंब्रेला फॉल?

ह्यात दोन प्रकार आहेत. न्हाणी, नेकलेस आणि रस्त्याकडेचे सगळे छोटे धबधबे पावसावर चालतात, सप्टेंबरभर दिसतात, पाऊस थांबल्यावर आठ-दहा दिवसांत बारीक होत जातात. अंब्रेला फॉल हा धरणाच्या भिंतीपाशी आहे आणि तो पाणी सोडलं तरच दिसतो, आभाळाशी त्याचा थेट संबंध नाही. १९२६ मध्ये पुरं झालेलं हे विल्सन धरण, साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट, बहुतेक वर्षी ऑगस्टात भरतं, त्यानंतर जेवढं येईल तेवढं खाली निळवंडे धरणात सोडतात. विसर्ग चालू असेल तर रंध्याचा धबधबाही रौद्र दिसतो. तेव्हा "अंब्रेला चालू आहे का" हे निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा, महिनाभर आधी विचारून उपयोग नाही. आणि विसर्ग चालू असताना प्रवरेच्या पात्रात उतरून सेल्फी काढायचा विचारही करू नका, पाणी वाढलेलं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

फुलं कधी?

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. सोनकीनं उतार पिवळे होतात, तेरडा गुलाबी, कवला जमिनीलगत. रतनगडाचा माथा बघण्यासारखा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, पण प्रत्येक डोंगराचं वर्ष वेगळं असू शकतं, त्यामुळं कुठंतरी थोडी दिसते. पावसानं ओढ दिलेल्या वर्षी फुलं लवकर उरकतात. पायवाट सोडून फुलांत लोळून फोटो काढू नका, एवढंच.

सांदण दरी उघडी असते का?

पावसाळ्यात बंद. दोन कड्यांमधली चिंचोळी घळ आहे ती, वर कुठंतरी पाऊस झाला की लोंढा थेट आत, आणि आत पळायला जागा नाही. वनखातं कधी सोडेल ते त्या त्या वर्षीच्या पावसावर. साम्रदला जाऊन गावातल्या वाटाड्याला विचारा, तो नाही म्हणाला तर नाही. "आम्ही दुसऱ्या सांदणला गेलो होतो" असं काहीतरी सांगून आत शिरणारे बघितलेत मी.

भाची अमेरिकेतून येतेय, तिला ऑक्टोबरमध्ये फॉल कलर्स दाखवता येतील का?

लाल-केशरी झाडं नाही दाखवता येणार. सह्याद्रीतली झाडं पानं टाकतात ती पाणी कमी झाल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला, ऑक्टोबरात तर ती तरारलेली असतात. इथं रंग बदलतो तो गवताचा आणि भाताचा. ऑक्टोबरच्या मध्यापासून डोंगरउतारावरचं गवत हिरव्याचं सोनेरी व्हायला लागतं, हळवा म्हणजे लवकर येणारा भात आधी पिवळा पडतो, त्याच्या शेजारचं गरव्याचं, उशिरा येणाऱ्या भाताचं खाचर अजून हिरवं, असे चौकोन चौकोन वरून दिसतात. तिला कळसूबाईच्या अर्ध्या वाटेपर्यंत न्या आणि पाऊस नसेल अशी सकाळ बघा. पावसानं हवेतली धूळ खाली बसवलेली असते, त्यामुळं अलंग-मदन-कुलंगपासून हरिश्चंद्रगडापर्यंत स्वच्छ दिसतं, इतकं स्वच्छ जानेवारीतही दिसत नाही.

पहाटे तलावावरून वाफ निघते ती कधी दिसते?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, निरभ्र रात्रीनंतरच्या पहाटे. पाणी दिवसभराची उष्णता धरून ठेवतं, डोंगरावरून रात्री गार हवा घरंगळत खाली येते, ती कोमट पाण्यावर आली की वाफ. वारा असेल तर नाही. सहाला काठावर पाहिजे, सात-साडेसातला ऊन आलं की खलास. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्याच सुमारास मावळतो, ऑक्टोबर संपताना मावळायला सहाच वाजतात आणि डोंगराच्या कुशीत अंधार त्याच्याही आधी पडतो, ट्रेकवाल्यांनी हे लक्षात ठेवा.

तारे बघायला?

आभाळ मोकळं पाहिजे आणि चंद्र नको. म्हणजे ऑक्टोबरातली अमावस्या. सर्वपित्री उशिरा आली असेल तर तीही चालेल, पण सप्टेंबरात ढगांचा भरवसा नाही. आकाशगंगेचा गाभा अंधार पडल्या पडल्या नैऋत्येला दिसतो आणि नऊ-दहाच्या सुमारास मावळून जातो, जेवण नंतर करा. कोजागिरीला येणार असाल तर तारे विसरा, पाण्यावरचं चांदणं बघा, आटीव दूध आमच्याकडून.

आजी आणि चार वर्षांचा मुलगा बरोबर आहे, चालेल का?

चालेल, ऑक्टोबर मध्यानंतर. आजींना दमा असेल तर सप्टेंबर टाळा, खोल्यांत ओल असते, कितीही धूप-ऊन दिलं तरी. मुलासाठी ओडोमॉस आणा, संध्याकाळी दिव्यावर पाखरं फार येतात. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापर्यंत गाडी जाते, आजींना तेवढं पुरे.

पोहता येईल का?

नाही. काठ सरळ नाही, बुडालेली जुनी खाचरं, खोडं, गाळ, दोन पावलांत छातीएवढं होतं. ह्यावर चर्चा नाही.

रस्ता कसा आहे?

मुंबईहून कसारा-घोटी-बारी, पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर. घोटीच्या पुढं सकाळ-संध्याकाळ धुकं, लो-बीमवर चालवा, हाय-बीमनं समोर पांढरी भिंत होते. खड्डे सप्टेंबरात भरलेले दिसतात म्हणजे पाण्यानं भरलेले. राजूरहून येत असाल तर पेढे घेऊन या.

पाऊस इतका चांगला मग ऑक्टोबरात गावातले लोक वैतागलेले का असतात?

कारण तुमचा वीकेंड असतो आणि त्यांचं वर्ष. भात, नागली, वरई सगळं काढणीला येतं. कापलेला भात दोन-तीन दिवस खाचरात वाळावा लागतो, त्यात एक मोठी सर आली की दाणा काळा पडतो, पेंढा कुजतो. २०१९ च्या ऑक्टोबरात अरबी समुद्रात क्यार वादळ होतं, ऐन दिवाळीत पाऊस लागला आणि राज्यभर काढणीचं पीक गेलं. वादळ किनाऱ्यावर आलंही नव्हतं. तेव्हा काढणी चालू असताना "वॉव, रेन!" असं ओरडत गाडीतून जाऊ नका, आणि खळ्यावर पसरलेल्या धान्यावरून गाडी तर अजिबात घालू नका. झालेलं आहे म्हणून सांगतोय.

ह्या वर्षी पाऊस लांबणार का, आत्ताच सांगा ना?

महिनाभर आधी तारखेसकट कोणीच सांगू शकत नाही, जो सांगतो त्याला लाइक हवे असतात. हवामान खातं ऑगस्टच्या शेवटी सप्टेंबरचा अंदाज देतं आणि सप्टेंबरच्या शेवटी ऑक्टोबरचा, त्यातून देशाचा कल कळतो, शेंडीचा शनिवार नाही. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचं चित्र येतं, त्यातले पहिले दोन आठवडे कामाचे. एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी तापलेलं) असेल तर पाऊस कमी आणि ला निना (ते गार झालेलं) असेल तर जास्त हा देशपातळीवरचा सरासरी कल झाला, एल निनोच्या वर्षातही एक कमी दाबाचा पट्टा तुमची ट्रिप धुऊन काढू शकतो. बुकिंग महिनाभर आधी करा, तारखेचा निर्णय पाच दिवस आधी, आणि कुठल्या काठाला जायचं ते त्या दिवशी सकाळी.

पाऊस आला तर पैसे परत मिळतात का?

पाऊस आला म्हणून नाही. नाशिक घाटाला ऑरेंज किंवा रेड लागला तर तारीख फुकटात बदलून देतो, पैसे कापत नाही. रस्ता बंद झाला तर पूर्ण परत. धुक्यामुळं कोकणकडा दिसला नाही ह्या कारणासाठी एकानं रिफंड मागितला होता, त्याला एक्स्ट्रा पिठलं-भाकरी दिली.